सुट्टीसाठी भाड्याने द्यायच्या घरांच्या व्यवसायात नव्या एजंटांना कसे तयार करावे?

प्रश्न – प्रशिक्षण-प्रमुख

नमस्कार. आमच्या कार्यालयात घरांची खरेदी-विक्री आणि सुट्टीसाठी थोड्या दिवसांच्या भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांची व्यवस्था अशी दोन्ही कामे चालतात, आणि नव्याने रुजू होणाऱ्या एजंटांना तयार करण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. येणारी बहुतेक मंडळी परीक्षा आणि परवाना पूर्ण करून आलेली असतात. करारनामा, मालकीहक्काची कागदपत्रे, कर्जाची प्रक्रिया यांविषयी त्यांना बरेच काही ठाऊक असते. घोडे पेंड खाते ते सुट्टीच्या घरांपाशी. विक्रीचा व्यवहार पूर्ण झाला की एजंट त्या घरातून बाहेर पडतो. भाड्याच्या घरात मात्र मालकाशी पुढची कित्येक वर्षे बोलावे लागते, आणि पहिल्या भेटीत उच्चारलेले प्रत्येक वाक्य पुढे कधी ना कधी समोर येते.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती उत्पन्नाच्या प्रश्नाची. ‘हे घर घेऊन भाड्याने दिले, तर वर्षाला किती सुटतील?’ असे ग्राहकाने विचारले की नवा एजंट भर हंगामातला एका रात्रीचा दर आठवतो, त्याला वर्षातल्या रात्रींनी गुणतो आणि एक आकडा बोलून मोकळा होतो. त्याच्या मनात फसवण्याचा हेतू नसतो. त्याला खरोखरच दुसरा हिशोब माहीत नसतो. परंतु ग्राहक त्या आकड्यावर कर्ज काढतो, आणि पहिले वर्ष संपल्यावर तो आमच्याकडे येतो तेव्हा आमच्यापाशी उत्तर नसते.

या एजंटांना कोणत्या क्रमाने शिकवावे, त्यांना घरमालकांसमोर एकट्याने केव्हा बसू द्यावे आणि उत्पन्नाच्या अंदाजाविषयी त्यांच्या बोलण्यावर काय मर्यादा घालावी, याबद्दल या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर – देखभाल-व्यवस्थापक

माझे मत स्पष्ट आहे. नव्या एजंटाने पहिला महिना कार्यालयात बसूच नये. एक पाहुणे निघून दुसरे यायच्या दिवशी त्याला साफसफाईच्या गटाबरोबर घरात पाठवावे आणि हातात झाडूही द्यावा.

तो दिवस कसा असतो, ते सांगतो. सकाळी अकराला पाहुणे घर सोडतात आणि दुपारी चारला दुसरे कुटुंब दारात उभे राहणार असते. मधल्या पाच तासांत प्रत्येक पलंगावरची चादर, अभ्रे आणि दुलईची खोळ उतरवायची, डाग असलेले कपडे तेथेच वेगळे काढायचे, कारण एकदा गरम वाळवणीत गेलेला डाग पुन्हा निघत नाही. प्रत्येक पलंगामागे चादरींचे तीन संच लागतात: एक पलंगावर, एक धुलाईत आणि एक कपाटात. ज्या मालकाने दोनच संच दिलेले असतात, त्याच्या घरात धुलाईची गाडी उशिरा आली की चार वाजता पलंग उघडे असतात. त्यानंतर स्वयंपाकघरातली भांडी मोजायची, फ्रीज रिकामा करायचा, गरम पाणी प्रत्येक नळाला येते का ते हात धरून पाहायचे, रिमोटमधल्या बॅटऱ्या तपासायच्या, धुराच्या अलार्मचे बटण दाबून आवाज ऐकायचा आणि दाराच्या कुलपाचा आकडा बदलायचा. गॅसवर किंवा इंधनावर चालणारे उपकरण घरात असेल, तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही तपासायचा, कारण त्या वायूला रंग नसतो, वास नसतो आणि झोपेतल्या माणसाला तो जागे होण्याची संधी देत नाही.

नुकसान आढळले तर वेळ दिसेल असा फोटो तत्काळ काढून ठेवायचा असतो. पुढचे पाहुणे आत शिरल्यावर टेबलाची काच नेमकी कोणी तडकवली, हे सिद्ध करणे जवळपास अशक्य होते आणि भरपाईची मागणी तेथेच बारगळते.

हे सगळे स्वतः केलेला एजंट पुढे ग्राहकाला घर दाखवताना वेगळ्याच नजरेने पाहतो. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर ओल्या चादरींच्या पिशव्या कोण चढवणार, पांढऱ्या कापडाचा सोफा किती महिने टिकणार, मालकाचे खासगी सामान ठेवायला कुलूपबंद कपाट आहे का, आठ माणसांच्या घरात न्हाणीघर एकच असेल तर पाहुणे काय लिहून जातील, हे प्रश्न त्याला आपोआप सुचू लागतात. वर्गात बसवून असे प्रश्न पाठ करून घेता येतात, परंतु मालकाने उलट एक प्रश्न विचारला की पाठांतर उघडे पडते.

उत्तर – हिशोबनीस

मी उत्पन्नाच्या अंदाजाविषयीच लिहिणार आहे, कारण प्रश्नातला तोच भाग सर्वांत गंभीर आहे आणि तो शिकवता येतो.

नव्या एजंटाला आधी तीन संकल्पना पक्क्या समजल्या पाहिजेत. पहिली, भाड्याने देण्यासाठी उपलब्ध असलेल्या रात्रींपैकी किती रात्री भरल्या, म्हणजे ऑक्युपन्सी. दुसरी, भरलेल्या रात्रींचा सरासरी दर. तिसरी, उपलब्ध असलेल्या प्रत्येक रात्रीमागे पडलेले उत्पन्न, मग ती रात्र भरलेली असो वा रिकामी. तिसरा आकडा हा पहिल्या दोहोंचा गुणाकार असतो आणि दोन घरांची तुलना करायची ती याच आकड्यावरून. दर चढा ठेवून घर रिकामे ठेवणारा मालक आणि दर पाडून घर भरलेले ठेवणारा मालक, या दोघांचेही चुकते कोठे, ते त्यातच दिसते.

मी नव्या एजंटांना एक उदाहरण कागदावर सोडवायला लावतो. भर हंगामातला एका रात्रीचा दर 100 एकके धरावा. अननुभवी एजंटाचा हिशोब 100 गुणिले 365, म्हणजे 36,500. आता त्याच घराचा खरा हिशोब मांडू. मालक स्वतः 20 रात्री राहणार, रंगकाम आणि दुरुस्तीसाठी 15 रात्री घर बंद राहणार, म्हणजे उरल्या 330. त्यांपैकी भर हंगामाच्या 90 रात्री 80 टक्के भरतात असे धरले, तर 72 रात्रींचे 7,200 मिळतात. मधल्या काळाच्या 120 रात्री 70 च्या दराने 55 टक्के भरल्या, तर 66 रात्रींचे 4,620. मंदीच्या 120 रात्री 50 च्या दराने 30 टक्के भरल्या, तर 36 रात्रींचे 1,800. एकूण 174 रात्री आणि 13,620 एकके. ऑक्युपन्सी सुमारे 53 टक्के, सरासरी दर सुमारे 78, आणि उपलब्ध रात्रीमागे उत्पन्न सुमारे 41.

हे झाले हाती येण्यापूर्वीचे पैसे. व्यवस्थापनाचा मोबदला 25 टक्के, बुकिंगच्या संकेतस्थळांचे कमिशन 10 टक्के, आणि वीज, पाणी, इंटरनेट, विमा, किरकोळ दुरुस्ती, साबण-टॉवेल यांसाठी मिळून 20 टक्के धरले, तर 7,491 निघून जातात आणि 6,129 उरतात. त्यातून कर्जाचे व्याज आणि कर अजून वजा व्हायचे आहेत. एजंटाने उच्चारलेल्या 36,500 चा हा साधारण सहावा भाग. हे दर प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, त्यामुळे आकडे पाठ करू देऊ नयेत. आपल्या भागातले आकडे घालून तोच हिशोब पुन्हा करायला लावावा. स्वतःच्या हाताने एकदा ही वजाबाकी केलेला एजंट पुन्हा 365 ने गुणत नाही.

यात आणखी एक बारकावा आहे, तो बऱ्याच अनुभवी लोकांच्याही नजरेतून सुटतो. साफसफाईचा खर्च रात्रीमागे नसतो, मुक्कामामागे असतो. हंगामातल्या 72 रात्री आठवड्याच्या मुक्कामांनी भरल्या तर साफसफाई साधारण दहा वेळा होते. मंदीतल्या 36 रात्री दोन-दोन रात्रींच्या मुक्कामांनी भरल्या तर ती अठरा वेळा होते, म्हणजे निम्म्या रात्रींसाठी जवळपास दुप्पट काम. पाहुण्यांकडून साफसफाईचे वेगळे पैसे घेतले, तर दोन रात्रींचा मुक्काम त्यांना महाग वाटतो; न घेतले, तर ते मालकाच्या पदरातून जातात. किमान किती रात्रींचे बुकिंग घ्यावे, हा निर्णय म्हणूनच हंगामानुसार बदलावा लागतो, आणि त्याचे कारण एजंटाला मालकाला समजावून सांगता आले पाहिजे.

बोलण्याच्या मर्यादेविषयी विचारले आहे. नव्या एजंटाने तोंडी एकही आकडा देऊ नये. अंदाज लेखी द्यावा आणि त्यात कमी, मध्यम व चांगल्या वर्षाचे तीन वेगळे हिशोब असावेत. गृहीत धरलेली प्रत्येक गोष्ट त्याखाली लिहावी, आणि तो कागद ज्येष्ठ सहकाऱ्याच्या सहीशिवाय बाहेर जाऊ नये.

उत्तर – कायदेविषयक सल्लागार

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत. तथापि, ज्या घरात थोड्या मुक्कामाचे पाहुणे ठेवण्याची परवानगीच नाही, त्या घराच्या उत्पन्नाचा अंदाज बांधणे व्यर्थ आहे, आणि नियमांचा हा भाग नव्या एजंटांना बहुधा सर्वांत शेवटी शिकवला जातो.

नियम शहरागणिक वेगळे असतात आणि झपाट्याने बदलतात. लंडनमध्ये वेगळी नियोजन-परवानगी नसेल, तर संपूर्ण घर एका वर्षात 90 रात्रींपेक्षा जास्त काळ अशा भाड्याने देता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर 2023 पासून नोंदणीच्या नियमाची अंमलबजावणी सुरू झाली आणि तेथे 30 दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी यजमानाने स्वतः त्या घरात राहणे आवश्यक असते, शिवाय पाहुणे दोनपेक्षा जास्त चालत नाहीत. बार्सिलोनाने 2024 मध्ये जाहीर केले की पर्यटकांसाठीच्या सदनिकांचे परवाने 2028 नंतर पुढे चालू ठेवले जाणार नाहीत. ही उदाहरणे मी एजंटांना सांगतो ती भीती घालण्यासाठी नव्हे. वर दाखवलेला 330 रात्रींचा हिशोब 90 रात्रींच्या मर्यादेत बसवून पाहिला, तर काय उरते, हे त्यांनी स्वतः काढून पाहावे म्हणून सांगतो.

एजंटाने कोणतेही घर दाखवण्यापूर्वी काही गोष्टींची उत्तरे लेखी मिळवावीत. स्थानिक प्रशासनाची परवानगी किंवा नोंदणी लागते का? आधीच्या मालकाचा परवाना नव्या मालकाकडे वर्ग होतो की रद्द होतो? अनेक ठिकाणी तो व्यक्तीच्या नावावर असतो आणि विक्रीबरोबर संपतो, तरी जाहिरातीत मात्र ‘परवाना असलेले घर’ असे लिहिलेले आढळते. इमारतीच्या किंवा वसाहतीच्या नियमावलीत अशा भाड्याला मनाई आहे का? घराचा विमा पाहुण्यांच्या मुक्कामाला लागू होतो का? राहत्या घराच्या साध्या विम्यात व्यावसायिक वापर बहुतेकदा वगळलेला असतो, आणि पाहुणा जिन्यावरून पडल्यावर ते समजले तर फार उशीर झालेला असतो.

विक्रीच्या वेळी पुढच्या हंगामाची बुकिंग आधीच झालेली असतील, तर ती नवा मालक पाळणार का, आणि पाहुण्यांनी भरलेली आगाऊ रक्कम कोणाकडे आहे, हेही करारात यावे लागते. ती रक्कम कार्यालयाच्या चालू खात्यात मिसळता कामा नये. ती पाहुण्याची असते, मुक्काम पार पडेपर्यंत तिच्यावर मालकाचाही पूर्ण हक्क नसतो, हे नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात बजावावे.

शिकवण्याची माझी पद्धत साधी आहे. मी यादी देत नाही. एक खरे घर देतो, आणि संबंधित कार्यालयांत जाऊन वा पत्र लिहून उत्तरे आणायला सांगतो. ‘असे चालते म्हणतात’ हे उत्तर मी स्वीकारत नाही.

उत्तर – घरमालकीण

मी या व्यवसायातली नाही, पण माझे घर अशा व्यवस्थेवर दिलेले आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते.

माझ्याकडे आलेला पहिला एजंट अत्यंत नम्र होता. त्याने घराचे फोटो काढले, उत्पन्नाचा सुंदर तक्ता दाखवला आणि करारावर सही घेतली. हे घर मी का घेतले आहे, वर्षातले कोणते दिवस मला स्वतःला तेथे राहायचे असते, कोणती खोली मला कोणाला द्यायची नाही, यांपैकी एकही प्रश्न त्याने विचारला नाही. पुढे माझ्या कुटुंबाच्या ठरलेल्या दिवसांतच पाहुण्यांचे बुकिंग घेतले गेले तेव्हा मला सांगण्यात आले की करारात तसे काही लिहिलेले नाही. ते खरेच होते.

म्हणून माझी विनंती अशी, की नव्या एजंटाला करार वाचून दाखवायला शिकवा, आणि त्यातही मालकाला अडचणीची ठरतील ती कलमे आधी. रिकाम्या रात्रींचा दर कोण आणि किती खाली आणू शकतो, मला न विचारता दुरुस्तीवर किती रक्कम खर्च करता येते, हिशोब महिन्याच्या कोणत्या तारखेला येईल, आणि मला करार संपवायचा असेल तर किती आधी कळवायचे, हे सगळे सहीपूर्वी तोंडाने सांगितले गेले पाहिजे.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा समजली. बुकिंगच्या संकेतस्थळांवर घराची नोंद व्यवस्थापकाच्या खात्यावर केलेली असेल, तर पाहुण्यांनी वर्षानुवर्षे लिहिलेले चांगले अभिप्राय त्याच खात्याशी बांधलेले राहतात. मी व्यवस्थापक बदलला आणि माझे घर त्या संकेतस्थळांवर एका दिवसात अगदी नवखे झाले. फोटोंचेही तसेच. हे ज्या एजंटाने मला आधी सांगितले असते, त्याच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला असता.

उत्तर – शाखाप्रमुख

देखभाल-व्यवस्थापकांच्या म्हणण्याशी मी तत्त्वतः सहमत आहे, परंतु पहिला महिना केवळ साफसफाईचा, हे बहुतेक कार्यालयांत चालणार नाही. नवा एजंट कमिशनवर जगतो. महिनाभर एकही व्यवहार नसेल, तर हुशार माणसे दुसरीकडे जातात आणि ज्यांना इतरत्र वाव नाही तेवढीच मागे राहतात. त्यामुळे घरांची तपासणी, सामानाची यादी, फोटो आणि पाहुण्यांच्या आगमनाची तयारी या कामांचा ठरावीक मोबदला त्याला पहिल्या दिवसापासून मिळावा. हे काम कार्यालयाला तसेही कोणाकडून तरी पैसे देऊन करून घ्यावेच लागते. आठवड्यातले दोन दिवस घरांत आणि उरलेले ज्येष्ठ एजंटाच्या मागे, असा क्रम आमच्याकडे चांगला चालतो.

मालकासमोर एकट्याने बसण्याची परवानगी मी दिवस मोजून देत नाही. आधी तो ज्येष्ठाबरोबर जातो आणि फक्त ऐकतो. भेटीनंतर मालकाने कोणती शंका बोलून दाखवली आणि कोणती मनात ठेवली, हे त्याने लिहून द्यायचे असते. हे दुसरे ज्याला लिहिता येते, तो बोलायला तयार झाला असे मी समजतो. मग तो बोलतो आणि ज्येष्ठ ऐकतो. मध्यंतरी कार्यालयातच एक सहकारी नाराज मालक होऊन बसतो आणि ‘शेजारच्या घराला जास्त पैसे मिळतात, मग माझ्या घराला का नाही?’ असे विचारतो. या प्रश्नावर कारण न शोधता लगेच दर कमी करण्याचे आश्वासन देणारा एजंट अजून तयार नाही. कॅलेंडर उघडून कोणत्या रात्री रिकाम्या गेल्या आणि का, हे दाखवणारा तयार आहे.

अंदाजाविषयी एक भर घालतो. प्रत्येक एजंटाने दिलेला लेखी अंदाज जपून ठेवावा आणि वर्षाअखेरीस प्रत्यक्ष उत्पन्नाशेजारी मांडावा. शिक्षेसाठी नव्हे, सगळ्यांनी एकत्र बसून फरक कोठून आला हे शोधावे. इतकी उपयुक्त शिकवणी मी दुसरी पाहिलेली नाही.

प्रतिसाद – प्रशिक्षण-प्रमुख

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरमालकीण बाईंच्या अभिप्रायांविषयीच्या मुद्द्याचा आम्ही कधी विचारच केला नव्हता. तो आता करार समजावून सांगण्याच्या पाठात येईल. तपासणीच्या कामाचा मोबदला देण्याची सूचनाही लगेच अमलात आणण्यासारखी आहे.

हिशोबनीस यांना एकच विचारायचे आहे. ज्या भागात आमचे स्वतःचे एकही घर नाही, तेथे तीन हिशोब कशाच्या आधारावर मांडावेत? नवे एजंट संकेतस्थळावरची कॅलेंडरे पाहून बंद दिसणाऱ्या सगळ्या रात्री भरलेल्या धरतात.

उत्तर – हिशोबनीस

कॅलेंडरवर बंद दिसणारी रात्र भरलेलीच असते असे नाही. मालकाने स्वतःसाठी राखलेली, दुरुस्तीसाठी अडवलेली किंवा दुसऱ्या संकेतस्थळावर विकलेली रात्रही तशीच दिसते. त्याचप्रमाणे जाहिरातीत दिसणारा दर हा मागितलेला दर असतो. तो मिळालाच, असे समजू नये. रिकाम्या रात्री तर बहुतेकदा त्याच दरामुळे रिकाम्या असतात.

अशा ठिकाणी घर विकणाऱ्या मालकाकडेच मागच्या दोन-तीन वर्षांचे मासिक हिशोब मागावेत आणि ते बँकेतल्या जमेशी किंवा कराच्या विवरणाशी जुळतात का ते पाहावे. हिशोब देण्यास मालक तयार नसेल, तर तसे अंदाजाच्या कागदावर लिहावे. घर पूर्वी कधीच भाड्याने दिलेले नसेल, तर खोल्यांची संख्या, झोपण्याची सोय आणि हमरस्त्यापासूनचे अंतर सारखे असलेली घरे निवडून त्यांच्या अभिप्रायांच्या तारखा महिन्यानुसार मांडाव्यात. सगळे पाहुणे अभिप्राय लिहीत नाहीत, त्यामुळे त्यावरून रात्री मोजता येत नाहीत, पण कोणते महिने ओस पडतात ते बऱ्यापैकी कळते. पहिल्या वर्षासाठी मध्यम हिशोबाऐवजी कमी वर्षाचा हिशोब ग्राहकापुढे आधी ठेवावा, कारण अभिप्राय नसलेल्या नव्या घराला सुरुवातीचे काही महिने दर उतरवूनच पाहुणे मिळवावे लागतात. कर्जाचा हप्ता त्या कमी हिशोबातून भागत नसेल, तर ते एजंटाने त्याच भेटीत सांगावे.